‘हव’ हे तिचं नाव नव्हतं

आमच्या शाळेत चौथीला नैतिक शिक्षणाचा तास असतो. त्याचं एक पातळ, रंगीत पुस्तक आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं मुलांना धडा उघडायच्या आधीच पाठ असतात. “सबके साथ कैसा व्यवहार करना चाहिए?” असं मी विचारलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “अच्छाऽऽ!” तो सूर इतका गोड असतो की पहिली काही वर्षं मला वाटायचं, चाललंय ते ठीकच चाललंय.

शाळा छत्तीसगढातल्या आमच्या शहराच्या पुरानी बस्तीत, देवळांच्या गल्ल्यांमधली. जुनी, छोटी, हिंदी माध्यमाची. मी लग्नानंतर तेलीबांध्याला राहायला गेले, पण माहेर ब्राह्मणपाऱ्यात, शाळेपासून पायी जाण्यासारखं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्या मावशीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषांत आम्ही भावंडं वाढलो. कोणती कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते आम्हालाही नीट सांगता यायचं नाही.

त्या वर्षी जून संपता संपता माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिसरीपर्यंत ती महासमुंदकडच्या एका खेड्यात आजीजवळ शिकली होती. आई-वडील इथेच, आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत राहायचे. धाकट्या भावाचं आजारपण निस्तरेपर्यंत तिला आजोळी ठेवलं होतं, आता आणलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि कुणी काही विचारलं की मान वर करून सरळ डोळ्यांत बघायची सवय. ती छत्तीसगढीच बोलायची. हिंदी समजायची, पण तोंडातून निघताना तिची छत्तीसगढीच होऊन निघायची.

पहिल्याच आठवड्यात पाचवीचे शिक्षक आमच्या वर्गावर बदली तासाला गेले. त्यांना सगळी शाळा ‘बड़े सर’ म्हणते. निवृत्तीला आलेले, उंच, पांढराशुभ्र शर्ट, आवाज असा की मधल्या सुट्टीत अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाचं भांडण थांबवायचे. गणित इतकं सुंदर शिकवायचे की मी कधी कधी मोकळा तास असला की त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी उभी राहायची. त्यांनी हजेरी घेताना हिचं नाव पुकारलं. हिनं उठून उत्तर दिलं, “हव.”

हव म्हणजे हो. छत्तीसगढीत सगळे असंच म्हणतात.

सर म्हणाले, “हव? ये क्या होता है हव? जी सर बोलते हैं.”

ती म्हणाली, “हव सर.”

वर्ग हसला. सरही हसले. “बैठ जा, हव,” ते म्हणाले, आणि तेच तिचं नाव झालं.

सरांची ती पद्धतच होती. ते प्रत्येक मुलाला एक नाव द्यायचे. कुणी बोरा, म्हणजे पोतं, कुणी कप्तान, कुणी मच्छर. त्यांत दुष्टपणा नसायचा. उलट सरांनी नाव ठेवलं म्हणजे सरांचं आपल्याकडे लक्ष आहे, असं मुलांना वाटायचं. बस्तीत आज दुकानं चालवणारी, पोटं सुटलेली माणसंसुद्धा सरांनी दिलेल्या नावांनीच ओळखली जातात.

पण या मुलीचं वेगळं झालं. मधल्या सुट्टीत “ए हव!” अशी हाक आली की चार जण तिच्या ढंगात मान हलवून “हव, हव, हव” करायचे. आठवडाभरात तिनं तो शब्द टाकून दिला. मग हळूहळू बाकीचे शब्दही टाकले. हजेरीला ती नुसता हात वर करायची. पाणी प्यायला जाऊ का, हे विचारायचं असलं तर दाराकडे बोट दाखवायची.

मला ते जास्त लागायचं, कारण आमच्या घरातही हवच चालतं. नागपूरकडची आमची मराठी तशीच आहे. लहानपणी पुण्याहून नातेवाईक आले की आमचं ‘हव’ आणि ‘काय करून राहिली’ ऐकायला मुद्दाम आम्हाला बोलतं करायचे आणि मग एकमेकांकडे बघायचे. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं म्हणे. पण ते आले की मी स्वयंपाकघरातच बसायची, हे मला अजून आठवतं.

त्याच सुमारास पुस्तकात ‘परस्पर सम्मान’ नावाचा धडा आला. मी शिकवला. मुलांनी उत्तरं दिली. “हमें किसी का मज़ाक नहीं उड़ाना चाहिए,” हे वाक्य एका मुलानं तर न अडखळता, छाती पुढे काढून म्हटलं. घंटा झाली आणि तोच मुलगा दारातून ओरडत बाहेर गेला, “ए हव, मेरी बोतल दे!”

त्याला आपण काही विसंगत केलं असं अजिबात वाटलं नव्हतं. ते उत्तर पुस्तकातलं होतं आणि ही बाटली खरी होती.

मी पुस्तक बाजूला ठेवायचं ठरवलं. शनिवारी शेवटच्या तासाला आमच्याकडे बालसभा असते. गाणी, कविता, पाढे, असं काहीतरी होतं. त्या शनिवारी मी बाकं भिंतीला लावली, सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवलं, स्वतःही त्यांच्यात बसले आणि विचारलं, “तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडत नाही?”

एक लठ्ठसा मुलगा सतरंजीचा दोरा ओढत म्हणाला, “बोरा.” त्याच्या शेजारच्यानं म्हटलं, “तू तो हँसता है बोरा बोलने पे!” तो म्हणाला, “तो क्या करूँ? रोऊँ?”

त्यानंतर वर्ग मोकळा झाला. एकेक जण सांगू लागला. घरातली नावं निघाली, गल्लीतली निघाली, रंगावरून, दातांवरून, चष्म्यावरून ठेवलेली निघाली. मग ज्याला सर कप्तान म्हणायचे तो हात वर करून उभा राहिला. त्याची अडचण वेगळी होती. “मॅडम, मुझे तो कप्तान अच्छा लगता है. वो भी बंद होगा क्या?”

यावर खूप वाद झाला. काहींचं म्हणणं, सगळीच नावं बंद. काही म्हणाले, चांगली नावं ठेवावीत. पण चांगलं कुठलं हे कोण ठरवणार? मच्छर नाव असलेली मुलगी म्हणाली की तिला मच्छर आवडतं, कारण मच्छर कुणाच्या हाती लागत नाही. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. ज्याचं नाव आहे तोच ठरवेल. त्याला चाललं तर चालेल, नाही म्हणाला तर नाही. मी फळ्यावर ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

तेवढ्यात इतका वेळ गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ती मुलगी बोलली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज वर्गात आला. हळू, पण स्पष्ट.

“मॅडम, ये नियम बड़े सर बर घलो हे का?”

म्हणजे, हा नियम बड्या सरांनाही आहे का?

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नाही म्हटलं असतं तर फळ्यावरचं वाक्य पुसून टाकल्यासारखंच होतं. मी म्हटलं, “हव. सगळ्यांनाच आहे.”

हव म्हणून तर बसले, पण सरांना सांगणार कसं? त्या दिवशी घरी न जाता मी आईकडे गेले. आई अंगणात मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तू लेकराईले हव म्हणून आली ना? मग आता सरांले बोलाच लागते. काहून भेऊन राहिली?”

“मोठे आहेत गं ते. दुखावतील.”

“दुखावतीनच. पण चारचौघात नको बोलू. एकटीनं बोल. आणि हे तुलेच वाटते असं सांग, पोट्टीचं नाव पुढे करू नको.”

सोमवारी मधल्या सुट्टीत ते एकटे चहा पीत होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले आणि आई म्हणाली तसंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला.

“मॅडम, तीस-पैंतीस साल से पढ़ा रहा हूँ. प्यार से बोलता हूँ, ये आप भी जानती हैं.”

“जानती हूँ, सर.”

“तो फिर? अब बच्चे बताएँगे कि हम उन्हें क्या बुलाएँ?”

मी म्हटलं, मला तरी तसंच वाटतं. त्यांनी मान फिरवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या की विषय वाढवू नका, त्यांचं आता राहिलंच किती. सर मुलीला हव म्हणतच राहिले. उलट थोडं जास्त ठासून म्हणतात, असंही मला वाटायचं. माझ्या वर्गातली मुलं मात्र आपला नियम पाळत होती. चुकून कुणी बोरा म्हणालं की तीन-चार जण एकदम “ए ए ए” करायचे, आणि त्यात एक मजा येऊ लागली होती.

असे काही दिवस गेले. एका दुपारी शाळा सुटली तरी ती मुलगी व्हरांड्यातच उभी होती. सोबत तिचे आई-वडील. वडिलांचं आमच्या चौकातच कूलर-पंप दुरुस्तीची टपरीवजा दुकान आहे, हे मला ठाऊक होतं. अंगावर ग्रीसचे डाग पडलेला शर्ट, हातात हेल्मेट, आणि चेहरा रागानं ताठ. आई दोन पावलं मागे, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“मॅडम, आप लोग स्कूल में क्या सिखा रहे हो?” त्यांनी सुरुवातच अशी केली.

झालं होतं असं, की घरी त्यांचे मोठे भाऊ-भावजय जेवायला आले होते. पंगत बसली होती. यांनी नेहमीप्रमाणे बायकोला आवाज दिला, “ए, पानी ला.” त्यावर मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, “मम्मी का नाम ‘ए’ नहीं है. मम्मी से पूछे हो, उसको अच्छा लगता है क्या?”

पाहुणे हसले होते. ते हसणंच यांना जास्त झोंबलं होतं.

मी त्यांना बालसभेतली गोष्ट सांगितली. ते म्हणाले, वर्गात ठीक आहे, मुलांपुरतं ठीक आहे, घरात कुठे असं असतं? मी तिच्या आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळतच राहिली. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ती मागे सरकली नव्हती.

एवढ्यात पाचवीच्या वर्गातून बड़े सर बाहेर आले. हाताला खडू, काखेत छत्री. त्यांनी लांबूनच ओळखलं आणि त्यांचा तो आवाज अख्ख्या व्हरांड्यात घुमला.

“अरे ढेला! तू इधर?”

मी वडिलांकडे बघत होते म्हणून मला ते दिसलं. क्षणापूर्वी रागानं ताठ झालेला तो माणूस एकदम लहान झाला. हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं, खांदे खाली आले. “जी सर,” असं म्हणून तो वाकून सरांच्या पाया पडला.

सर खूश होऊन मला म्हणाले, “मॅडम, ये मेरा ढेला है. मिट्टी का ढेला जहाँ रखो वहीं रहता है ना? वैसा. जहाँ बैठा दो, शाम तक वहीं.” ढेला म्हणजे मातीचं ढेकूळ. सर हसले. वडीलही हसले. तो माणूस हसताना जमिनीकडे पाहत होता.

मुलीनं वडिलांच्या शर्टाचं टोक धरलं. “पापा, तुमको अच्छा लगता है? ढेला?”

“चुप, बेटा.”

“नहीं, बताओ ना.”

ते हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. व्हरांड्यात आता आम्हीच होतो. शिपाईदादा एकेका वर्गाला कड्या लावत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, ते आता विषय बदलतील. पण ते मान वर न करता म्हणाले, “नहीं लगता.” आणि लगेच, घाईनं, “सर ने तो प्यार से रखा था. सर की कोई बात नहीं.” मग जरा थांबून, जणू आता सुरू झालंच आहे तर, म्हणाले, “दुकान में भी सब यही बोलते हैं. इसके नानीघर में भी. शादी में दोस्त लोग मंडप में ढेला-ढेला चिल्लाए थे.”

तेव्हा त्या आईनं पहिल्यांदा मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे नाव माहीत होतं. ते त्याला टोचतं, हे बहुधा माहीत नव्हतं.

सरांचा हसरा चेहरा तसाच राहिला होता, फक्त त्यातलं हसू गेलं होतं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “तेरा नाम क्या है रे? असली वाला?”

त्यांना ते आठवत नव्हतं. त्यांनी त्याला वर्षभर शिकवलं होतं, घरचा कूलर दर उन्हाळ्यात त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचे, पण नाव आठवत नव्हतं.

त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं, वर्गात उठून उभं राहून सांगतात तसं. सरांनी ते एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग वडीलच म्हणाले, “चलते हैं, मॅडम,” आणि तक्रार तिथेच टाकून ते तिघं स्कूटरवर बसून गेले. सर नळावर गेले आणि खडूचे हात पुष्कळ वेळ धूत राहिले.

सरांनी माझी किंवा कुणाची माफी मागितली नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. पुढच्या आठवड्यात एकदा स्टाफरूममध्ये ते आपणहून माझ्याशेजारी बसले. म्हणाले, रविवारी दुपारी बसून मी जुनी मुलं आठवत होतो. चेहरे आठवतात, कोण कुठे बसायचं ते आठवतं, कुणाचं गणित कुठे अडायचं तेही आठवतं. “नाम नहीं आते, मॅडम. मैंने जो रखे, वही आते हैं.” आणि मग उठता उठता, “आपने ठीक किया या नहीं, मुझे अभी भी नहीं मालूम. पर चैन तो गया.”

मला त्या क्षणी आनंद झाला नाही. ज्या माणसानं या वस्तीतल्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं, त्याचा सुखाचा रविवार मी नासवला, असंच वाटलं. तरीही बालसभेत मी दिलेलं उत्तर बदलावंसं वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मुलांना कोणत्या धड्यात शिकवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मुलीचं म्हणाल तर ती एकदम काही बडबडी झाली नाही. सर तिला नावानं हाक मारू लागले, मधेच जुनी हाक निसटायची, मग ते जीभ चावायचे. गंमत म्हणजे तिच्या वर्गातल्या मुलांनीच तिचा शब्द उचलला. कुणी आधी सुरू केलं माहीत नाही, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीला निम्मा वर्ग “हव मॅडम” म्हणत होता, आणि त्यात चिडवणं नव्हतं. त्यांना ते तोंडाला सोपं पडत होतं, एवढंच. मुख्याध्यापिकाबाईंना ते ऐकू गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

तिची आई मला एकदा भाजीच्या ठेल्यापाशी भेटली. मी विचारलं, घरी कसं काय? ती टोमॅटो निवडता निवडता हसली. म्हणाली, “अब ‘ए’ नहीं बोलते.”

“मग काय म्हणतात?”

“कुछ नहीं बोलते. नाम लेने में शरमाते हैं. उठके पास आते हैं, फिर बोलते हैं.” तिनं एक टोमॅटो परत टाकला. “पानी तो अब भी मैं ही लाती हूँ. पर पास आके बोलते हैं, तो अच्छा लगता है.”

सर निवृत्त व्हायच्या थोडं आधी, एका शनिवारी, आमच्या बालसभेच्या वेळी दार वाजलं. सर उभे होते. आत येऊ का, म्हणाले. मुलं घाईघाईनं उठली. सरांना सतरंजीवर बसणं जमत नव्हतं, म्हणून कप्तानानं खुर्ची आणून गोलातच ठेवली. त्यांनी हात वर केला. खरोखर, मुलं करतात तसा. त्यांना बोलायची खूण कोणी करायची हे कुणालाच कळेना. शेवटी ती लाल रिबिनीवालीच म्हणाली, “बोलो सर.”

सर म्हणाले, रोज सकाळी फाटकापाशी तुम्ही मला नमस्ते म्हणता. पण धावत धावत म्हणता, माझ्याकडे बघत नाही, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे निघून जाता. “मुझे अच्छा नहीं लगता,” ते म्हणाले. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात हे वाक्य थोडं अवघडलेलं वाटलं.

मुलांनी तो विषय अगदी गंभीरपणे घेतला. कुणी म्हणालं, उशीर झालेला असतो. कुणी म्हणालं, दप्तर जड असतं, थांबलं की मागचा येऊन आदळतो. एकानं विचारलं, सर तेव्हा फोनमध्ये बघत असतील तर काय करायचं? सरांनी कबूल केलं की कधी कधी बघतात. बरीच चर्चा होऊन ठरलं की मुलं थांबतील, बघतील आणि मग नमस्ते म्हणतील. सर फोन खिशात ठेवतील आणि प्रत्येकाला, नाव घेऊन, उत्तर देतील.

सोमवारी सकाळी फाटकाशी ही मोठी रांग लागली. चौथीची मुलं एकेक करून थांबत होती, सर एकेकाचं नाव आठवत होते, अडलं की मूलच सांगत होतं. मागे दुसरी-तिसरीची पोरं ढकलाढकली करत होती, आई-बाबांच्या स्कूटरी गल्लीत अडकल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्या दिवशी प्रार्थना उशिरा सुरू झाली.